डाव्या हाताचे चार सूर

गेल्या वर्षी चौदा एप्रिलला हसनाबादेत आमच्या गायन पार्टीचा पार बोऱ्या वाजला. तो माझ्यामुळंच वाजला, हे मी कबूल करते.

माझे पप्पा, राजानंद, भीमगीतं गातात. साहेबराव मामा ढोलकीवर, मी कीबोर्डवर. तेव्हा मला मोबाईलवर युरोपातलं सिंथपॉप सापडलं होतं, सगळं कीबोर्डच्या सुरांवर चालणारं. जर्मन, स्वीडिश, शब्द एक कळत नाही. पण खाली तेच चार सूर न थकता पळत राहतात, वर गाणारा अगदी उदास, आणि तरी पाय थांबत नाहीत. आमच्या गाण्यांतही दुःख नाचतच येतं की! मला ते परकं वाटलंच नाही.

मी तसे चार सूर कीबोर्डात भरले आणि जयंतीला बटण दाबलं. आमच्याकडं शेवटच्या कडव्याला ढोलकी लय चढवते. मशीन कुठली चढायला! ढोलकी पुढं, मशीन मागं, मधे पप्पा. लोक हसले.

"तुझं मशीन ऐकूनच न्हाई राह्यलं, मोनाली," मामा म्हणाले.

"ते परदेशी बंद. पुढच्या साली पेटी," पप्पांनी निकाल दिला.

मला राग आला, माझाच. लय चढते हे जन्मापासून ऐकलंय, आणि मी बटणावर विसंबले! ते सूर सोडणं तर शक्यच नव्हतं. मग वर्षभर रोज सकाळी ते डाव्या हातानं वाजवले, न थांबता. मनगट सुजलं. आईनं हळद लावली, शिव्याही दिल्या.

यंदा जयंतीआधी पप्पांना म्हटलं, "एक गाणं द्या. बिघडलं तर जन्मभर पेटी वाजवीन, बिलकुल तोंड उघडणार न्हाई."

"एकच," पप्पा म्हणाले.

जयंतीच्या संध्याकाळी चार सूर सुरू झाले. शेवटच्या कडव्याला मामांनी मुद्दाम लय चढवली, मग आणखी चढवली. मीही मागोमाग चढलेच. मनगट पेटलं होतं, पण सूर एकही सुटला नाही. समोर बायका उठून नाचायला लागल्या.

गाणं संपलं. मामांचा सदरा घामानं चिंब.

"पोरी, कोणतं बटन दाबलं व्हतं?"

मी सुजलेला डावा हात दाखवला.

पप्पांनीही तो पाहिला. माईक बाजूला करून म्हणाले, "पुढच्या गाण्यालाबी तेच सूर धर."

हात उचलवत नव्हता. मी उचलला.