नवरदेवाचा कोट

शिंपीकाका म्हणजे नाकावर राग. त्यात टीबी झाला, मग काय, आगीत तेलच. तपासणी साफ निघेपर्यंत तान्ह्या नातीला हात लावायचा नाही, असं बजावून सुनेने मधलं दार लावून घेतलं. नातीसाठी जीव तुटायचा, तरी काका गोळ्यांच्या नावाने बोटं मोडत. गोळ्या घेतल्या की दिवसभर मळमळायचं.

आरोग्यसेविका ताई रोज सकाळी यायची. काम एवढंच, डोळ्यांदेखत गोळ्या गिळवायच्या आणि पुढचं घर गाठायचं. काकांनी युक्ती काढली. गोळी जिभेखाली, पाणी पोटात, ताईची पाठ वळली की गोळी खिडकीबाहेर.

पण ताईही कच्च्या गुरूची चेली नव्हती. तिने स्टूल ओढलं. "काका, तुम्ही म्हणे मोठमोठ्यांचे कोट शिवलेत. एखादी गंमत सांगा ना!"

काकांची पंचाईत झाली. तोंड उघडावं तर बिंग फुटतं, आणि कोटांचा विषय निघाल्यावर गप्प बसणं त्यांच्या बापजन्मात जमलं नव्हतं. मुकाट्याने गोळी गिळली आणि सुरू झाले.

मग रोजच स्टूल, रोजच गोष्ट. मळमळीवर ताईने डॉक्टरांना गाठून औषध आणलं. काकाही वस्ताद, गोष्ट अर्ध्यावर सोडत. "उरलेलं उद्या."

शेवटी गोळ्या संपल्या, तपासणी साफ निघाली. सुनेने मधलं दार उघडून नातीला मांडीवर ठेवलं. पोरीने आजोबांची मिशी धरून ओढली. काका सगळ्यांदेखत रडले.

"पोरी, तू स्टूल का ओढलंस ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं," ते ताईला म्हणाले. "तुझे उपकार कसे फेडू?"

"गिळलीत ना? झालं तर मग," ताई हसून गेली.

दुसऱ्या दिवशी काका उगाचच दाढी करून दारात बसले, नात मांडीवर. आता ती कशाला येईल, असं स्वतःलाच समजावत होते. तेवढ्यात चपला वाजल्या. ताईने आत येऊन स्टूल ओढलं.

"अगं, गोळ्या संपल्या!"

"माहीत आहे. घरोघरी मला माणसं दुखणीच सांगतात, काका. ऐकायलाच हवीत ती. पण इथून हसून निघालं की पुढची घरं सोपी जातात. त्या नवरदेवाच्या कोटाची गोष्ट अर्धीच राहिलीय, पुढे काय झालं?"

आपणही हिला काही देत होतो, हे काकांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. त्यांनी नातीला सावरून घेतलं.

"काय होणार! लग्न तासावर आलं, आणि कोटाला बाही एकच!"