दोन्हीकडचा कागद

सत्यशीलाबाईने पोत्याच्या तोंडाची चिंधी एका हिसक्यात सोडली. चिंधी तिच्याच जुन्या हिरव्या लुगड्याची. तेलंगणात मिरची तोडायला निघालेल्या पोराला, अश्वजितला, ओळख म्हणून तिनेच बांधून दिलेली. टाळेबंदीतही मजुरीपोटी मिळालेली मिरची ट्रकने दारात आली. मिरची तोडणारे, पोरगा नि सून नूतन, मात्र नदीपलीकडेच.

पावतीवर ड्रायव्हरने अंगठा मागितला.

"अंगठा कोनाले मागतं रे? पन्नाशीत विहारात बसून सही शिकली मी." तिने सावकाश, एकेक अक्षर दाबून सही केली. मग कोतवाल मुखरूकडे वळली. "मिरचीले सोडलं, अन् माणसाले काऊन नाई?"

मुखरूने तोंडावरचा गमछा खाली ओढला. "मालाच्या गाडीले दिल्लीचा हुकूम हाय, बाई. माणसाचं दिल्ली म्हणते, दोन्ही राज्यांनी आपसात ठरवा. तिकडचे म्हणते, तुमचे घेऊन जा. आपले म्हणते, आधी यादी येऊ द्या."

"म्हंजे दोन सासवांच्या घरी सून उपाशी."

मुखरू हसला. तेवढ्यात त्याच्याच फोनवर अश्वजित आला.

"माय, आपला शेजारचा डोमा अन् बाकीचे पहाटे नदीतून निघून राह्यले. आमी बी निघू का?"

"चोरावाणी?" तिचा आवाज चढला. "कायदा आपल्या बापानं लिवला, बापा. बाबासाहेबाची लेकरं त्याले चुकवून घरी येत नाई. कागद येऊ दे. मान वर करून ये."



"बरं, माय."

त्याने ऐकले. लहानपणापासून ऐकतच आला होता.

डोमा दोन दिवसांत पोचला. त्याला चौदा दिवस शाळेत ठेवले. खिडकीतून त्याने हात केला, तेव्हा बाईने तोंड फिरवले. "आला चोर," ती म्हणाली. साऱ्यांना ऐकू जाईल असे.

सातव्या दिवशी अश्वजितला ताप भरला. नवव्या दिवशी नूतनचा फोन आला. तिला बोलता येईना, म्हणून मुकादमाने सांगितले. अश्वजितची माती तिकडेच झाली. इकडून कोणी जायचे, तर त्यालाही दोन्हीकडचा कागद लागत होता.

बाई रडली नाही. अंगणात मिरची पसरून देठ खुडत बसली. समजूत घालायला आलेल्या बायांना कुंपणाबाहेरच उभे केले. "अंतर ठेवा. हुकूम हाय."

शाळेतून सुटल्यावर डोमा आला. मान खाली घालून कुंपणाशी उभा राहिला.

"पाणी केवढं होतं रे?" तिने वर न पाहता विचारले.

"मांडीइतकं, बाई."

तिने पुढची मिरची उचलली.

दुसऱ्या दिवशी मुखरू कागद घेऊन आला. त्यावर दोन्हीकडचे शिक्के होते.

"वाच."

"बाई..."

"वाच म्हणते ना."

"अश्वजित, वय एकतीस. नूतन, वय सव्वीस. गावी येण्यास परवानगी."

"नावं बरोबर लिवले?"

"बरोबर हाय, बाई." त्याने पेन पुढे केला. "नूतनले आणाले घरच्याची सही लागते."

तिने पेन घेतला नाही. अंगठा पुढे केला.

"बाई, तुमाले तं सही येते."

ती हात तसाच धरून राहिली. मुखरूजवळ शाईची डबी नव्हती. या घरी ती कधी लागलीच नव्हती. त्याने पेनाचे टोक तिच्या अंगठ्यावर घासले. आठवडाभर देठ खुडून तो लालभडक झाला होता. शाई धरता धरेना.