रिकामी झाली की घरी

मी एक जुनी चाकांची खुर्ची आहे. माझं डावं चाक कुरकुरतं, उजव्या हातावर निळ्या रेनकोटाचं ठिगळ आहे आणि स्वभावही, खरं सांगते, जरा किरकिरा आहे. मित्रांनो, आपली गोष्ट सांगायला बसलं की सगळे आपलं कौतुकच सांगतात. मला मात्र एक चूक सांगायची आहे. ज्या माणसाने मला गावाच्या उपयोगाला लावलं, त्यालाच माझी गरज लागली तेव्हा मी त्याच्याजवळ नव्हते.

एका लहान कारखान्यात लोखंडी नळ्या वाकवून मला घडवलं. कंपाउंडरकाकांनी मला त्यांच्या आईसाठी आणलं. काका गावच्या दवाखान्यात औषधं द्यायचे. डॉक्टर येत, बदलून जात. काका तिथेच राहिले. डॉक्टरांचं अक्षर फक्त त्यांनाच लागायचं. लोक म्हणत, डॉक्टर आजार ओळखतात, कंपाउंडर माणूस ओळखतो.

काकांची आई दोन वर्षं माझ्यावर बसली. ती गेल्यावर काकू म्हणाल्या, "हिच्याकडे बघवत नाही. कोणाला तरी देऊन टाका."

"देऊन टाकली तर एकाचीच होईल," काका म्हणाले. "फिरती ठेवू."

तेव्हापासून मी बारा घरचं पाणी प्यायले. पाय मोडलेला एक गवंडी तर माझ्यावर बसून बांधकामावर जायचा आणि दुसऱ्यांच्या विटा कशा तिरक्या लागल्या ते दाखवायचा. त्याचा पाय बरा झाल्यावर सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. कंबर धरलेली शिंपीण माझ्यावर बसून काजं करायची. माझं ठिगळ काकूंनी घातलं, पण ते नीट बसलं नाही हे तिने मला रोज ऐकवलं.

मला नेताना काका प्रत्येकाला एकच सांगायचे, "रिकामी झाली की हिला घरी पाठवा. हिला करमत नाही." लोक हसायचे आणि आणूनही द्यायचे. मग काकू मला पुसायच्या, काका चाकात दोन थेंब तेल सोडायचे. मी कोणाकडे गेले याची नोंद त्यांनी कधी ठेवली नाही. माणसांवर विश्वास होता त्यांचा. मला तेव्हाही तो जरा जास्तच वाटायचा.

मग पलीकडच्या गल्लीतले हेडमास्तर शाळेच्या पायऱ्यांवरून घसरले. दोन महिने मी त्यांच्याकडे होते. ते चालायला लागले तेव्हा जेवताना म्हणाले, "ती खुर्ची पोहोचवून द्या रे." बायकोला वाटलं मुलगा देईल, मुलाला वाटलं बहीण देईल, आणि बहिणीला वाटलं, बाबा रोज त्याच रस्त्याने जातात. सगळ्यांचं काम ते कोणाचंच नसतं. पुढे घराला रंग दिला तेव्हा मला मिटून माळ्यावर सारलं आणि वर तीन जुन्या गाद्या टाकल्या. मी वाट बघितली, मग रुसले, मग रुसायचाही कंटाळा आला. दोन वर्षं गेली.

एक दिवस मला ओढून खाली काढलं. शाळेच्या सभागृहात खुर्च्या कमी पडत होत्या, म्हणून घराघरांतून मिळतील त्या नेत होते. तिथे गेल्यावर कळलं, कंपाउंडरकाका गेले. त्यांचीच शोकसभा होती.

गवंडी बोलताना रडला. मग हेडमास्तर उभे राहिले. "त्यांनी कधी कोणाला नाही म्हटलं नाही," ते म्हणाले. तेवढ्यात पहिल्या रांगेतून काकू पाणी प्यायला उठल्या आणि दाराजवळ मी दिसले. त्यांनी माझ्या ठिगळावर हात ठेवला.

"ही कोणाकडे होती?"

हेडमास्तर भाषण सोडून जवळ आले. "आमच्या माळ्यावर होती, वहिनी. मला वाटलं, मुलांनी केव्हाच दिली."

"मी विचारायला आले होते हो तुमच्याकडे. परत केली म्हणालात."

"खरंच तसं वाटलं होतं मला."

काकू रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळू आवाजात सांगू लागल्या. शेवटचे तीन महिने काकांचे पाय गेले होते. पलंगापासून दारापर्यंत चौदा पावलं. त्यांना रोज सकाळी दारात बसून येणारी-जाणारी माणसं बघायची होती. शेजाऱ्यांनी चार-पाचदा उचलून नेलं, पण रोज कोणाला हाक मारायची, म्हणून तेच नको म्हणू लागले. काकूंना एकटीला उचलवत नव्हतं.

"मी गावभर विचारते म्हटलं," काकू म्हणाल्या, "तर यांनी मला अडवलं. म्हणाले, अगं, कोणीतरी बसलं असेल तिच्यात. त्याला माझ्यापेक्षा जास्त गरज असेल. मागू नकोस."

हेडमास्तरांचं भाषण पुरं झालंच नाही. त्यांनी स्वतः मला ढकलत काकूंच्या घरी आणलं. माझं चाक रस्ताभर कुरकुरत होतं. पायरीवरच बसून ते रडले. काकूंनी त्यांना पाणी दिलं.

मागच्या आठवड्यात दूधवाला आला. त्याच्या बायकोचं ऑपरेशन झालं होतं. काकूंनी माझ्या चाकात तेल सोडलं, दोन थेंब, काकांसारखंच. "रिकामी झाली की..." एवढंच त्या म्हणाल्या.

"घरी पाठवतो, काकू," दूधवाला म्हणाला.

मित्रांनो, मला चाकं आहेत, तरी कोणी ढकलल्याशिवाय मी घरी जाऊ शकत नाही. तुमच्याही माळ्यावर, पलंगाखाली कोणाचं काही पडलं असेल. दिलं असेल कोणीतरी, असं म्हणू नका. उठून बघा, आणि आजच देऊन या. काका शेवटपर्यंत समजत होते, माझ्यावर कोणीतरी आजारी माणूस बसलाय.

माझ्यावर तीन जुन्या गाद्या होत्या.