सासूबाईंनी निवडलेलं पिस्तूल

उल्काच्या ऑफिसातल्या मोरिता-सानांनी यंदाच्या सहलीला खोट्या पिस्तुलांची लढाई ठरवली. प्लास्टिकचे छर्रे, डोळ्यांवर जाड गॉगल, तोंडाला मुखवटा. छर्रा लागला की ‘हिट’ म्हणायचं आणि बाहेर जायचं. घरच्यांनाही बोलावलं होतं. नवरा अनुराग कामासाठी ओसाकाला गेलेला, म्हणून पुण्याहून आलेल्या सासूबाई, सुमनताई, म्हणाल्या, “मी येते की.”

शनिवारी दोघी ओजिमातल्या एका छोट्या दुकानात गेल्या. उल्काने स्वस्तातली, हातात मावतील अशी तीन पिस्तुलं मागितली. मागच्या बाजूला कागदी निशाणावर चालवून बघायची सोय होती.

पहिलं गॅसचं, दिसायला फार देखणं. दोन छर्रे झोकात गेले, तिसरा नळीतून कसाबसा बाहेर पडून पायाशी घरंगळला. थंडीत गॅस मंदावतो, जरा तळहातात शेकून घ्या, असं दुकानदाराने सांगितलं. उल्काने ते मराठीत सांगितल्यावर सासूबाई म्हणाल्या, “आणि तोवर समोरच्याला काय सांगू? थांब बाबा, पिस्तूल शेकतेय?”

उल्काला हसू फुटलं.

दुसरं बॅटरीचं. चाप ओढला की खालून छर्‍यांची पेटीच गळून पडायची. सासूबाई पेटी उचलून बसवायच्या, ती पुन्हा पडायची. तिसर्‍या वेळी दोघी जमिनीवर बसून हसत होत्या आणि दुकानदार वाकून माफी मागत होता.

तिसरं सगळ्यात स्वस्त. जाडजूड, मातकट, दर छर्‍याआधी वरचा भाग मागे ओढायला लागणारं. सासूबाईंनी ते लोकरी हातमोजे घालून चालवलं. मग डाव्या हाताने. मग हसता हसता, हात थरथरत असताना. प्रत्येक वेळी छर्रा सुटला.

“हेच घेऊ,” उल्का म्हणाली.

“थांब गं. एकदा चाललं म्हणजे चांगलं नव्हे, कंटाळा येईपर्यंत चाललं पाहिजे.”

कंटाळा येईना. निशाणाच्या कागदाची चाळण झाली. दुकान बंद करायची वेळ झाल्याचं दुकानदाराने फार अदबीने सांगितलं, तेव्हा त्यांनी तसली दोन पिस्तुलं घेतली.

लढाई एका जुन्या, गार गोदामात होती. मोरिता-सानांच्या हातातलं महागडं पिस्तूलही थंडीने कुंथत होतं. उल्काचं मात्र एकदाही अडलं नाही. अडली ती स्वतः. खोक्यांमागे दबा धरून बसली असताना तिला सासूबाई पदर खोचून रांगताना दिसल्या आणि तिला इतकं हसू आलं की सगळ्यांना तिचा पत्ता लागला. दोन छर्रे पाठीत बसले. ‘हिट’ म्हणतानाही ती हसतच होती.

शेवटी एका बाजूला सुमनताई उरल्या, समोर मोरिता-सान आणि त्यांचा एक सहकारी. दोघे खांबाआडून बाहेर आले. समोर वयस्कर बाई बघून दोघांनी आधी कमरेत वाकून “माफ करा” म्हटलं.

सासूबाईंनी शांतपणे चाप ओढला, वरचा भाग मागे खेचला, पुन्हा चाप ओढला.

वाकलेल्या अवस्थेतच दोघांनी एकामागून एक ‘हिट’ म्हटलं. गोदामभर हशा उसळला. मोरिता-सान भिंतीला टेकून डोळे पुसत होते.

“मी काही चुकीचं केलं का गं?” सासूबाईंनी उल्काला विचारलं.

“नाही हो आई,” उल्का कशीबशी म्हणाली, “तुम्ही जिंकलात.”

“मग आणखी एक डाव म्हणावं त्यांना,” त्या म्हणाल्या आणि स्वेटरच्या खिशातून छर्रे काढून भरायला लागल्या.