बांगड्यांवर फुटलेलं खापर

शेवंतीने बॅगेतून राउटरचं नवं कार्ड काढलंच नाही. आधी बल्बचा होल्डर काढला. राउटरशेजारच्या सॉकेटमध्ये त्याची एक वायर फेजला धरली, दुसरी अर्थिंगला. बल्ब जेमतेम लाल झाला, म्हणजे अर्थिंग कच्चं होतं.

"मॅडम, कार्ड बसवायला आलात की दिवाळी करायला?"

दातारसाहेब बँकेच्या ठाण्यातल्या कचेरीचे मॅनेजर. आठवडाभर कल्याणच्या शाखेची लाईन तुटलेली होती आणि तिथले खातेदार फोनवरून त्यांचं डोकं खात होते.

गेल्या सोमवारी याच खोलीत, शेवंतीच्याच हातून पहिलं कार्ड गेलं होतं. धूर नाही, आवाज नाही. बसवलं आणि मेलं. खापर फुटलं तिच्या बांगड्यांवर. उरलेलं एकुलतं एक कार्ड देताना कंपनीने बजावलं होतं, हे गेलं तर पुढची कामं दुसरा इंजिनिअर कुंडलिक करील, तू फोन घ्यायला बस.

"आज तरी त्या उतरवा," साहेब म्हणाले.

"काचेच्या आहेत साहेब, काचेतून वीज जात नाही. आणि पट्टा बांधते तो हात हा."

तिने उजवा हात पुढे केला. मनगट मोकळं होतं. चेंदणीच्या कोळीवाड्यात नवरीच्या उजव्या हातातला चुडा खाडीला देतात, धन्याला सांभाळ म्हणून. डाव्या हातातल्या बांगड्या मात्र नवरा, कान्हा, पाण्यावर असताना ती उतरवणार नव्हती, आणि कान्हा पहाटेच होडी घेऊन गेला होता. हे सगळं साहेबांना सांगायच्या भानगडीत ती पडली नाही. मोकळ्या मनगटावर ती अंगातली वीज जमिनीत सोडणारा पट्टा बांधायची. त्या सोमवारीही बांधला होता. मग वीज जमिनीत गेली का नाही, या विचाराने तिची आठवडाभर झोप उडाली होती.

"अर्थिंगचा खड्डा कुठाय?"

शिपाई धाकूने तिला मागच्या अंगणात नेलं. मे महिना. झाकण उचललं तर आतली माती तडकलेली.

"यात पाणी कधी घातलेलं?"

"नळालाच नाय ताई, खड्ड्याला कुठून?"

"चार बादल्या आण कुठून तरी. आणि वाण्याकडून दोन किलो खडेमीठ."

साहेब खिडकीतून ओरडले, "अहो, तिकडे माणसं खोळंबलीत! बसवा तसंच!"

"तसंच मागच्या वेळी बसवलेलं. आज नाही."

ती जागची हलली नाही.

मीठपाणी मुरायला तासभर गेला. मग बल्ब लख्ख पेटला. शेवंतीने राउटर बंद केला, पट्टा बांधला, कार्ड कडांना धरून खाचेत सरकवलं, स्क्रू आवळले आणि बटण दाबलं. एक हिरवा दिवा लागला. मग दुसराही लागला.

कल्याणहून फोन आला, लाईन चालू.

साहेब खुश. तिने कामाचा कागद पुढे ठेवला. त्यावर गेल्या सोमवारचा त्यांच्याच हातचा शेरा होता: 'कार्ड जळण्याचे कारण: इंजिनिअरच्या बांगड्या.'

"हे खोडून 'खड्डा कोरडा' लिहा, साहेब."

खड्डा बँकेचा होता, म्हणजे दोषही बँकेवर आला असता. साहेबांनी पेनला टोपण लावलं.

"जाऊ द्या हो, लाईन आली ना?"

पंख्याने कागद उडू लागला. शेवंतीने डावा हात त्यावर ठेवला, बांगड्या किणकिणल्या.

"लिहा," ती म्हणाली, "मी थांबते."