दोन फ्रेमवर्क आणि एक सासूबाई

“यापुढे माणूस कोड एकदाच लिहील आणि तो जगातल्या प्रत्येक फोनवर चालेल!” जावयाने हात उंचावून जाहीर केलं.

“मग माझ्या फोनवर मघापासून नुसतं चाक का फिरतंय?” शिवणयंत्रावरून मान न उचलता सासूबाईंनी विचारलं.

ही उद्याची तालीम होती. रक्ततपासणी केंद्राचं अ‍ॅप जुन्या की नव्या फ्रेमवर्कमध्ये, म्हणजे कोडच्या कुठल्या तयार सांगाड्यावर, बांधायचं, हे जावयाला उद्या ऑफिसात सांगायचं होतं. जुन्यात त्याची नऊ वर्षं गेली होती. सगळी टीम त्याला ‘गुरुजी’ म्हणायची. नवं निवडलं, तर गुरुजींवर पुन्हा पाटी घेऊन बसायची पाळी. म्हणून त्याने वीस मुद्द्यांचा तक्ता केला होता. जुनं तेरा, नवं सात. पुराव्याला तेच अ‍ॅप दोन्हींत बनवून सासूबाईंच्या म्हाताऱ्या फोनवर चढवलं होतं.

नव्यातलं अ‍ॅप बटण दाबताच “नोंद झाली” म्हणालं. जुन्यातलं गप्प बसलं. सासूबाईंनी पुन्हा दाबलं. रक्त द्यायच्या दोन नोंदी झाल्या.

“आई, दोनदा दाबायचं नसतं!”

“आतून ओ आली नाही, तर माणूस दारसुद्धा दोनदा वाजवतो.”

“ते दुरुस्त होतं हो. तुम्ही तक्ता बघा.”

तीस वर्षं लोकांचे कपडे शिवलेल्या बाईंनी चष्मा सावरला. “‘टीमला सवय’, ‘टीमचा अनुभव’, ‘शिकवावं लागत नाही’. एकच कापड तीनदा मोजलंत की! आणि जुन्या फोनवर चटकन चालतं का, ते कुठंय?”

“राहिलं.”

“राहिलं नाही, जावईबापू. तुम्ही आधी कापलंत, मग माप घेतलंत.”

जावई खाली बघत म्हणाला, “नऊ वर्षं हो, आई.”

सासूबाईंनी यंत्र थांबवलं. “पायाची मशीन सोडून विजेची घेतली, तेव्हा पहिल्याच दिवशी बोटात सुई गेली. आठवडाभर मी त्या मशीनशी अबोला धरला होता. पण हात शिवण विसरत नाहीत.”

जावयाने तक्ता उसवला. तेच ते पुन्हा मोजलेले आठ मुद्दे गळाले, राहून गेलेला एक नव्याच्या बाजूला आला. जुनं पाच, नवं आठ. तळाशी त्याने लिहिलं, ‘मला शिकायला तीन महिने लागतील’, आणि ते मोठ्याने वाचूनही दाखवलं.

“झालं तुमच्या मनासारखं?”

“झालं. फक्त मघाच्या दोन नोंदींतली एक रद्द करा,” सासूबाई म्हणाल्या. “दोनदा सुई टोचून घ्यायला मी काही कापड नाही.”