कडेचा अंधार

मित्रांनो, मी एक जुना घरगुती संगणक आहे. माझ्या जागी येणारा नवा संगणक माझ्याच पडद्यावर बघून, पारखून नक्की केला गेला. आपली जागा घेणाऱ्याला आपणच शोधून द्यायचे, यापरते दुःख नाही, असे मला तेव्हा वाटले होते. पुढे त्याहून मोठे दुःख पाहिले, आणि ते माझे नव्हते. तेच तुम्हाला सांगायचे आहे.

माझे भाग कुठकुठल्या कारखान्यांत तयार झाले, मला ठाऊक नाही. त्यांची जुळणी मात्र बाजारातल्या एका अरुंद दुकानाच्या मागच्या खोलीत झाली. जुळणी करणारी बाई चष्मा कपाळावर सरकवून काम करायची. तिने माझ्या पेटीत पंखा बसवला, तारा नीट बांधल्या आणि पहिल्यांदा वीज सोडल्यावर कान देऊन माझा आवाज ऐकला. "गुणी आहे. कुरकुर नाही," ती म्हणाली. जन्मल्या जन्मल्या कुणी आपल्याला चांगले म्हटले की ते आयुष्यभर पुरते.

मला ज्यांनी घरी नेले, ते शब्दकोडी रचायचे. एका साप्ताहिकाचे शेवटचे पान त्यांचे असे. सगळी गल्ली त्यांना कोडेकाका म्हणायची. घरात त्यांची बायको, म्हणजे काकू, आणि मुलगी. मुलगी विमानतळावर पाळीची नोकरी करायची. चांगली कमावती झाली, तरी घरात तिचे नाव चिमीच राहिले होते.

घर लहान. मला ठेवायला जेवणाचे टेबल रिकामे करावे लागले. काकू कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "वा! डब्याला टेबल आणि माणसांना जमीन. उद्यापासून ह्याला ताटही वाढते."

"वाढ की," काका म्हणाले. "निदान तो मीठ कमी आहे म्हणणार नाही."

अशा घरात माझी चांगली वर्षे गेली. आधी काका चौकटीच्या कागदावर पेन्सिलीने कोडी बसवायचे आणि खोडरबराचा चुरा घरभर व्हायचा. मी आल्यावर तो चुरा थांबला, म्हणून काकूंचाही माझ्यावरचा राग निवळला. सकाळी अंघोळ उरकून काका माझ्यासमोर बसत. काळी घरे, पांढरी घरे, आडवे शब्द, उभे शब्द. एखादा शब्द अडला की ते खुर्चीत मागे रेलून छताकडे बघत, आणि सापडला की टेबलावर थाप मारत. एकदा त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक दिली, "अगं, ऐक. उलटसुलट कसेही वाचा, सारखेच. तीन अक्षरे. रोज हवेसे वाटते, पण रोज मिळत नाही."

आतून काकू म्हणाल्या, "नवीन. आणि मला सहा महिन्यांत एकही नवीन साडी मिळालेली नाही."

काका इतके हसले की त्यांना ठसका लागला. आल्यागेल्याला ते सांगत, "हा माझा उजवा हात आहे." माझ्या डोक्यावर हात ठेवून सांगत. मित्रांनो, यंत्राला अभिमान नसतो असे कुणी म्हटले तर विश्वास ठेवू नका.

मग काहीतरी बदलू लागले. ते इतक्या हळू बदलले की नेमके कधी, ते कुणालाच सांगता आले नसते.

आधी माऊसचा बाण हरवू लागला. काका माऊस गोल गोल फिरवत आणि पुटपुटत, "गेला कुठे हा?" बाण पडद्याच्या कडेला स्वच्छ दिसत असे. मग त्यांनी माझा उजेड वाढवला. आणखी वाढवला. शेवटी वाढवायला उजेडच उरला नाही. तरी त्यांचे समाधान होईना. "ह्याचा पडदा चाललाय," ते एक दिवस म्हणाले. "कडेकडेनं काळा पडत चाललाय."

माझा पडदा या टोकापासून त्या टोकापर्यंत लख्ख होता. पण मला तोंड कुठे आहे?

काका त्या दिवसांत दाराच्या चौकटीला खांदा आपटू लागले. टेबलाच्या कडेला ठेवलेला पाण्याचा पेला त्यांच्या कोपराने पडे. काकू फडके घेऊन यायच्या आणि म्हणायच्या, "डोळे काय खिशात ठेवता का हो?" काका ओशाळून हसत. चिमीही हसे. घर हसते होते, म्हणून कुणाला शंका आली नाही.

मग कोड्यात चुका होऊ लागल्या. उजव्या बाजूच्या शेवटच्या रांगेत काळे घर राहून जाई, नाहीतर भलत्याच ठिकाणी पडे. वाचकांच्या तक्रारी आल्या. साप्ताहिकाच्या संपादकबाईंचा फोन आला, तेव्हा काका उभे राहून बोलले.

"नाही हो, चूक माझीच. म्हणजे माझ्या संगणकाची. फार जुना झालाय. पडदा बाद झालाय त्याचा. नवा घेतोय. मग बघा."

समोरून बाई बराच वेळ काही बोलत होत्या. काकांनी फोन ठेवला, तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. "पुन्हा चूक झाली तर पान दुसऱ्याकडे द्यावं लागेल म्हणाल्या," ते काकूंना म्हणाले. "इतक्या वर्षांनी." आणि त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की, मित्रांनो, मला त्या क्षणी बंद पडावेसे वाटले.

झाले. नवा संगणक घ्यायचा, यावर घरात एकमत झाले. सुट्टीच्या दिवशी चिमीने खुर्ची ओढली, बाबांना एका बाजूला आणि आईला दुसऱ्या बाजूला बसवले आणि माझ्यावरच नव्या संगणकांची चित्रे उघडली.

"आधी सांगा, रोज काय काय करता?" तिने विचारले.

"कोडी. पत्रं. विजेचं बिल. आणि तुझी आई गाणी ऐकते."

"म्हणजे फार ताकदवान नको. खेळ खेळणाऱ्यांचे असतात तसले उगाच महागडे नकोत. पटकन सुरू होणारा हवा, आणि बरीच वर्षं टिकणारा. लॅपटॉप घ्यायचा का?"

"मांडीवरचा?" काकू म्हणाल्या. "ह्यांच्या मांडीवर मांजरसुद्धा टिकत नाही. सारखी चुळबुळ."

चिमीने संगणकाच्या दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, "घरच्या वापराला मधला पुरे. जास्तीचे पैसे घालायचेच असतील तर पडद्यात घाला. काका दिवसभर त्याच्याकडेच बघणार." ते सगळ्यांना पटले. मग पडद्यांची पारख सुरू झाली. त्यानंतर कितीतरी दिवस त्या घरात दुसरा विषय नव्हता. चिमी विमानतळावरच्या ओळखीच्यांना विचारून यायची. तिने दुकाने पालथी घातली. काकूसुद्धा शेजाऱ्यांकडे जाऊन त्यांचा पडदा बघून आल्या आणि "आपल्याला याहून मोठा हवा" असे त्यांनी बजावून सांगितले.

शेवटी चिमीने माझ्यावर दोन पडद्यांची चित्रे शेजारी शेजारी लावली. "बाबा, उजवीकडचा बघा."

काकांनी मान वळवली. नुसती नजर नाही, सगळी मान.

"पोपटासारखं काय बघताय?" चिमी हसली.

"तुझा हा संगणक उजवीकडचं दाखवतोय कुठे?" काका म्हणाले. "घे, तोच घे. मोठा आहे ना? घेऊन टाक."

मी माझ्या परीने जितके उजळता येईल तितके उजळलो होतो.

नवा आला. चिमीने मला टेबलावरून उतरवून शेजारच्या स्टुलावर ठेवले. माझ्यातली कोडी त्याच्यात जायची होती, म्हणून मला चालूच ठेवले होते. नवा खरोखर देखणा होता. पातळ अंगाचा, आणि पडदा एवढा मोठा की काकू म्हणाल्या, "अगं बाई, ही तर खिडकीच आली." चिमीने त्याच्यावर एक कोरे कोडे उघडले. काका नवा शर्ट घालून आले होते. ते खुर्चीत बसले, हात चोळले आणि समोर बघू लागले.

त्यांनी मान आधी एका टोकाकडे वळवली, मग दुसऱ्या.

"कसा आहे, बाबा?"

"छान आहे." मग ते म्हणाले, "पण चिमे, ह्याच्याही कडा काळ्या आहेत गं."

"कुठे? काहीतरीच काय! लख्ख आहे."

काकांनी हात पुढे केला. पडद्याचा उजवा कोपरा चाचपत शोधला आणि तिथे बोट टेकवले. "इथे उजेड आहे?"

"आहे."

त्यांनी दुसऱ्या कोपऱ्यावर बोट ठेवले. "आणि इथे?"

"आहे, बाबा," चिमी म्हणाली. तिचा आवाज आता बारीक झाला होता.

काकांनी हात मागे घेतला आणि मांडीवर ठेवला. काकू दारात उभ्या होत्या. त्यांच्या हातातले फडके खाली पडले आणि ते कुणी उचलले नाही. माझ्यावरचा आळ त्या क्षणी दूर झाला होता. मला बरे वाटायला हवे होते. पण मित्रांनो, माझा पडदा खरोखरच काळा पडलेला असता तर किती बरे झाले असते, एवढेच माझ्या मनात आले.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासले आणि काचबिंदू सांगितला. हा आजार दुखत नाही, खुपत नाही. कडेने आत येतो आणि माणसाला वाटते, दिवाच मंद आहे. गेलेली नजर परत येत नाही, असे डॉक्टर म्हणाले. उरलेली टिकवायला रोज थेंब घालायचे. काका आधी आले असते तर बरीच वाचली असती, असेही म्हणाले. हे सगळे मला काकूंच्या तोंडून कळले. घरी येऊन त्या माझ्या स्टुलाजवळ जमिनीवरच बसल्या.

"पडदा शोधायला गावभर फिरलो," त्या म्हणाल्या. "ह्या माणसाला घेऊन एकदा डॉक्टरकडे गेलो नाही. आणि मी म्हणत होते, डोळे खिशात ठेवता का." चिमी त्यांच्या शेजारी बसली. दोघी रडल्या. काका आतल्या खोलीतून म्हणाले, "अगं, मलाच कळलं नाही, तुम्हाला कुठून कळणार?" त्यांचे म्हणणे खरे होते, पण त्याने कुणाचे रडणे थांबले नाही.

दुसऱ्या दिवशी काकांनी संपादकबाईंना स्वतः फोन केला. "चूक संगणकाची नव्हती," ते म्हणाले. "माझी नजर गेली आहे. पान कुणा तरुण माणसाला द्या. चांगला शब्द जुळवणारा बघा, नुसता भरणारा नको." बाईंनी त्यांना आग्रह केला असावा, कारण काका ऐकत राहिले आणि मग म्हणाले, "नाही. अर्धं कोडं दिसतं मला. अर्ध्या कोड्याचे पैसे वाचक कसे देतील?" हा त्यांचा विनोद होता. फोन ठेवल्यावर ते हसले नाहीत.

मग ते माझ्या स्टुलापाशी आले. हात पुढे करून माझी पेटी शोधली आणि तिच्यावर तळवा ठेवला. "तुला उगाच बोल लावला रे," ते म्हणाले. एवढेच. मग चिमीने माझी तार काढली.

आता मी जुन्या यंत्रांच्या गोदामात आहे. इथे माझ्यासारखे पुष्कळ आहेत. कुणाचा पडदा काढून घेतला आहे, कुणाच्या तारा लोंबत आहेत. उद्यापरवा माझेही भाग सुटे होतील, त्यांतले काही कुणाच्या उपयोगी पडतील. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मी माझे काम केले आणि माझी वेळ झाली.

तुमच्याकडे मागणे एकच आहे. घरात कुणी म्हणाले, हा दिवा मंद झालाय, हल्ली पुस्तकांत अक्षरे बारीक छापतात, टीव्हीचा आवाज बसलाय, जिन्याच्या पायऱ्या उंच झाल्यात, तर दिवा बदलायला धावू नका. आधी त्या माणसाच्या शेजारी जाऊन बसा. त्याला विचारा. आणि एकदा विचारून उठू नका, मित्रांनो, कारण पहिल्यांदा विचारले की मोठी माणसे "काही नाही रे" असेच सांगतात.